द्वारकाबाई तंबूतून उठल्या

कर्जतात सिनेमा बरा की वाईट, हे लडकूशेटच्या तंबूत ठरत नसे. ते ठरे दुसऱ्या दिवशी सकाळी, द्वारकाबाईंच्या परसातल्या विहिरीवर. आळीतल्या बायका पाण्याला यायच्या, घागर आत सोडायच्या आणि विचारायच्या, "वैनी, कालचा कसा काय?" मग द्वारकाबाई चूळ भरून निकाल द्यायच्या. तो एकदा आला, की वर्तमानपत्र काय म्हणतं आणि ज्याचा त्याचा नवरा काय म्हणतो याला फुटक्या घागरीइतकीही किंमत उरत नसे.

द्वारकाबाईंचं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत, तेही अर्धं. लोक म्हणत, बाईला शाळेतून काढलं. चूक. मास्तर मारकुटा निघाला, म्हणून बाईंनीच शाळेला काढून टाकलं. आता सिनेमा बघायला दुसरी पुरते की नाही, ते ज्याने त्याने आपल्या अकलेने ठरवावं. बी.ए. झालेली माणसं तंबूत घोरताना या डोळ्यांनी पाहिलेली आहेत.

भाताची कापणी उरकली, की लडकूशेट आपला तंबू, इंजिन आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन यायचा आणि रिकाम्या खाचरात मुक्काम ठोकायचा. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मधे सुंभाची दोरी. द्वारकाबाईंची जागा ठरलेली, खांबाला टेकून. तिथून त्यांनी नाना जातीचे सिनेमे पाहिले आणि एकालाही फुकट सोडलं नाही.

ऐतिहासिक सिनेमाबद्दल त्या म्हणाल्या, "माणसं बोलतात फार. स्वारीला निघायचं तर निघावं की! इतक्या भाषणात गनीम घाट उतरून, जेवून, पान खाऊन परत जाईल." मारामारीच्या सिनेमात त्यांना घोडा आवडला. "सगळ्यांत त्याचंच काम चांगलं. उगाच ओरडत नाही." जादूच्या सिनेमात सतरंजी उडाली ते त्यांनी चालवून घेतलं, पण वर बसलेल्या बाईचा पदर तसूभर हलला नाही ते नाही. "आकाशात काय वारा नसतो?" विनोदी सिनेमात लठ्ठ माणूस तीनदा चिखलात पडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जाऊबाई मोरीत पडल्या, तेव्हा याहून हसलो. तिकीटही नव्हतं." आणि संतांचा सिनेमा पाहून सगळी आळी डोळे पुसत असताना यांचं एकच म्हणणं, "संत होणं सोपं आहे. संताची बायको होऊन बघा. तिच्यावर कोणी काढलाय का सिनेमा?"

पण जीव होता तो पौराणिकावर. "गोष्ट आधीच ठाऊक असते, त्यामुळे लसूण सोलत बघता येतो." अशी ती भक्ती.

त्या साली लडकूशेटने शंकर-पार्वतीचा सिनेमा आणला. लोकांनी वहाणा तंबूबाहेर काढल्या. पडद्यासमोर नारळ फुटले. पार्वती आली ती अशी देखणी, अशी गरीब चेहऱ्याची, की द्वारकाबाईंच्या हातातला लसूण हातातच राहिला. लग्न लागलं, पार्वती सासरी निघाली, आणि द्वारकाबाईंना राहवेना. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, त्या खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ घेऊनच. पाठवणीच्या वेळी पुढे झाल्या, पडद्याला हळदकुंकू लावलं आणि पार्वतीची ओटी भरली. मग सगळ्या आळीने भरली. लडकूशेटला महिनाभर तांदूळ विकत घ्यावे लागले नाहीत.

पण ओटी म्हणजे काही नाटकाची टाळी नव्हे. ज्या बाईची ओटी आपण भरली ती आपली माहेरवाशीण झाली. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, कारण कायदा पुरुषांनी लिहिलाय. पण कायदा बदलतो, ओटी बदलत नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात सामाजिक सिनेमा आला.

सामाजिक म्हणजे काय ते द्वारकाबाईंनी अजून पाहिलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, समाजाचं म्हणजे सत्यनारायण, हळदीकुंकू असलं काहीतरी असेल. सून सुनीती शेजारी, पलीकडे शेजारची इंदूबाई. दिवा मालवला, बाजा वाजला, आणि पडद्यावर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली दिसली कोण? पार्वती! नेसूचं जाडंभरडं, गळ्यात काळी पोत, आणि सगळे तिला विमल म्हणत होते.

"अगं बाई, ही इकडे कुठे?" द्वारकाबाई म्हणाल्या.

सुनीती कानाशी लागली. "आई, ती नटी आहे. दोन्ही सिनेमांत तिचंच काम आहे."

"मग ओटी भरत होते तेव्हा का नाही बोललीस? तेव्हा तर तूही तांदूळ घातलेस."

सुनीती गप्प. सून गप्प झाली की आपण बरोबर असतो, असा द्वारकाबाईंचा सिद्धान्त होता.

विमलची सासू खाष्ट होती. ते द्वारकाबाईंनी समजून घेतलं. काही सासवांना जमत नाही. पण मग नवरा आला. टाय लावलेला, केसांना तेल थापलेला. चहात साखर कमी म्हणून त्याने कप फेकला आणि विमलच्या थोबाडीत फाडकन दिली.

"थांब रे मेल्या!"

तंबू दचकला. द्वारकाबाई उभ्या राहून थेट पडद्याकडे निघाल्या होत्या. उजेडाच्या झोतात त्यांच्या खोप्याची सावली त्या नवऱ्याच्या तोंडावर पडली आणि तो दिसेनासाच झाला. तेवढं बरं झालं. लडकूशेट बॅटरी घेऊन धावत आला.

"बाईसाहेब, बसा ना. लोकांना दिसत नाय."

"बसते. आधी त्याला माफी मागायला सांग."

"तो कशी मागंल? रीळ हाय ते!"

"रीळ असलं म्हणून काय झालं? माझी माहेरवाशीण आहे ती. माझ्या गावात येऊन तिच्यावर हात टाकतो?"

"आवो, पुढं बघा तरी! पुढं लय चांगला हाय."

"पुढे नाही आणि मागे नाही. या तुझ्या तंबूत पुन्हा पाऊल टाकीन तर नावाची द्वारका नाही! चला गं!"

आळीतल्या साऱ्या बायका उठल्या. कोणी मनाने उठली, कोणी उद्या विहिरीवर यायचंय म्हणून उठली. तंबूचं फडकं बाजूला करताना द्वारकाबाईंनी एकदाच वळून पाहिलं. विमल रात्रीची विहिरीच्या काठावर उभी होती. एक पाय वर उचललेला. आणि फडकं पडलं.

झालं. घरी आल्या, पाठ टेकली, आणि डोळ्यांपुढे तो पाय. पोरीने उडी मारली की नाही?

उजाडल्यावर त्यांनी यजमानांना कामाला लावलं. दत्तोपंत कचेरीबाहेर अर्ज लिहून देण्याचं काम करीत. गावाची भांडणं बोरूने मऊ करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि घरात त्यांचा आवाज बोरूच्या कुरकुरीहून मोठा कधी झाला नव्हता.

"अहो, त्या नवऱ्यावर अर्ज लिहा."

"कुठल्या नवऱ्यावर?" दत्तोपंत घाबरून म्हणाले.

"विमलच्या!"

दत्तोपंतांनी कागद घेतला. सवयीचा हात तो. "इसमाचं नाव?"

"ते नाही सांगितलं सिनेमात. सगळे बाळासाहेब म्हणतात."

"राहणार?"

"राहणार... पडद्यावर लिहा."

"अगं, गुन्हा कुठल्या हद्दीत घडला ते लागेल. खाचर कोंडाजीचं, तंबू लडकूचा, आणि मारलं ते मुंबईत. फौजदार विचारील, मार लागला तो बाईला इथे लागला की तिथे?"

"मला लागला! इथे! माझ्या डोळ्यांदेखत!" द्वारकाबाई कडाडल्या. दत्तोपंतांनी कागदाची घडी केली आणि टोपीत ठेवली. अर्ज फेटाळण्याची ही त्यांची सभ्य रीत.

मग विहिरीवर चौकशी सुरू झाली. सरळ विचारावं तर मान जातो. 'काय गं, पुढे काय झालं?' असं द्वारकाबाईंनी विचारलं म्हणजे त्यांना ते ठाऊक नाही असं झालं, आणि द्वारकाबाईंना ठाऊक नाही अशी गोष्ट आजवर या आळीत घडलेली नव्हती. शिवाय आळीतली कोणी तंबूत परत गेल्याचं कबूल करीना. मग त्यांनी डाव टाकला. इंदूबाई घागर ओढत होती, तिला सहज म्हणाल्या, "बाकी वाचली हो बिचारी विमल!"

इंदूबाई म्हणाली, "व्हय वैनी, वाचली. देवाची कृपा."

द्वारकाबाईंचा जीव भांड्यात पडला. पण खात्री असावी म्हणून थोड्या वेळाने त्यांनी आळीतल्याच सोनाबाईला गाठलं. "शेवटी मेलीच गं पोर."

"व्हय वो," सोनाबाईने लगेच पदर डोळ्यांना लावला. "लय वंगाळ झालं."

आता काय करायचं? जन्मभर आपला शब्द खाली पडू दिला नाही त्याचं हे फळ. अख्ख्या आळीत एक बाई 'नाही' म्हणेल तर शपथ! द्वारकाबाई म्हणाल्या असत्या, की विमल विमानात बसून लंकेला गेली, तरी या बायका म्हणाल्या असत्या, 'व्हय वैनी, डबा घेऊन गेली.'

घरात विचारावं तर सुनीती म्हणाली, "आई, तुम्ही उठलात तेव्हा मीही उठले. मला कसं ठाऊक?" आणि तिने भाकरी इतक्या जोरात थापली, की संशय यावा. मुलगा विष्णू भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला. तो रविवारी आला, त्याला विचारलं, तर तो विजेचंच सांगत बसला. शेवटी लडकूशेटची जाहिरातीची बैलगाडी ढोल बडवीत आळीतून गेली, तेव्हा बाईंनी कोणी बघत नाही असं पाहून एक लाल कागद उचलला. माजघरात जाऊन बोटाने एकेक अक्षर दाबीत वाचला. 'विहिरीच्या काठावर विमल! पुढे काय झाले? तिने काय केले? अवश्य पाहा!' मेल्यांना एवढं छापायला शाई होती, दोन अक्षरं पुढे छापायला नव्हती.

आणि एका सकाळी खाचर रिकामं. लडकूशेटने तंबू खोपोलीला शिळफाट्यावर नेला होता. कर्जतात गिऱ्हाईक तुटलं म्हणे.

द्वारकाबाईंना जेवण जाईना. लोकांना वाटेल, सिनेमातल्या बाईसाठी कोणी जेवण सोडतं का? सिनेमातल्या बाईसाठी नाहीच सोडत. पण ओटी भरलेली पोर विहिरीच्या काठावर एका पायावर ठेवून कोणाच्या घशाखाली घास उतरेल? एकीकडे ती पोर, एकीकडे भर तंबूत घेतलेली आण. आण मोडली तर विहिरीवर तोंड दाखवायला जागा नाही. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "मी संकष्टीला महडच्या गणपतीला जाणार. एकटी. नवस आहे."

आळीतल्या कोणी ब्र काढला नाही. उलट इंदूबाई म्हणाली, "जावा वैनी, माझा बी एक नमस्कार सांगा." सुनीती आदल्या दिवशीच खालापूरला माहेरी गेली होती. दत्तोपंतांना खालापूरच्या कचेरीत काम निघालं होतं. घर रिकामं, गाडी वेळेवर. देव अनुकूल असला की असं होतं.

महडला जायचं म्हणून सांगितलंय तर महडला गेलंच पाहिजे. खोटं बोलायचं तर ते खरं करून बोलावं, नुसतं खोटं बोलणं हे आळशी माणसाचं काम. द्वारकाबाईंनी गणपतीपुढे दूर्वा ठेवल्या आणि त्याला समोरासमोर विचारलं, "गजानना, सगळं तुला ठाऊक आहे. बाई दुसरी कोणी नाही, तुझी आई आहे. तिचं काय झालं ते बघायला निघाले आहे. आता तुझ्या आईसाठी माझी आण मोडली, तर दोष तू घ्यायचास की मी?" गणपती काही बोलला नाही. पण फूल उजवीकडे पडलं. शिवाय आण 'या तंबूत' अशी होती. तंबू आता दुसऱ्या जमिनीवर होता. दत्तोपंतांच्या संगतीत हद्दीचा मुद्दा बाईही शिकल्या होत्या.

महडहून शिळफाटा जवळच, दिवेलागणीला त्या तिथे पोचल्या. डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढला, तिकीट घेताना आवाज चिरका केला आणि अगदी मागे, अंधारात जाऊन बसल्या. शेजारी अशीच कोणी पदर ओढलेली बाई बसली होती. खेड्यापाड्यातली लाजरी बाई असेल, म्हणून त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

सिनेमा सुरू झाला. चूल, फुंकणी, सासू, कप. थोबाडीत बसली तेव्हा द्वारकाबाईंनी स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. रात्र झाली. विहीर आली. विमलने पाय उचलला, आणि मध्यंतर.

गॅसबत्त्या भडकल्या. शेजारच्या बाईने डोळे पुसायला पदर वर केला. इंदूबाई!

"वैनी!"

"इंदू? तू इथे कशी?"

"मी... मी महडच्या गणपतीला आल्ते." इंदूबाईला घाम फुटला.

"तुझा नमस्कार तर मी सांगायचा होता ना?"

"मंग म्हटलं, वैनीला कशापायी त्रास!"

तेवढ्यात पुढच्या रांगेतून मान वळली. सोनाबाई. ती म्हणाली, तीही महडला आली होती. तिच्यापलीकडे सुनीती आपल्या आईला घेऊन बसलेली. त्याही महडला आलेल्या. बघता बघता अख्खी आळी निघाली. त्या दिवशी महडच्या गणपतीला जेवढी कर्जतची माणसं येऊन गेली म्हणतात, तेवढी जत्रेलाही येत नसतील. द्वारकाबाईंनी दोरीपलीकडे पाहिलं. पुरुषांच्या गर्दीत एक ओळखीची टोपी खाली, खाली जात होती.

"कचेरी उघडी आहे का हो अजून?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

टोपी नाहीशीच झाली.

कोणी काही बोलण्याआधी दिवे गेले. बरंच झालं. विमलने पाय खाली घेतला. मेली नाही! एका म्हाताऱ्याने हाक मारून तिला थांबवलं. तंबूभर एकदम इतका मोठा निःश्वास निघाला, की कापड फुगलं. विमल शिवणकाम करू लागली, चार पैसे मिळवू लागली. तिकडे बाळासाहेबाचं दिवाळं वाजलं, दारू आली, डोळे अधू झाले. आणि एके दिवशी विमल पुन्हा त्याच्याच दारात येऊन उभी राहिली. दार उघडलं...

फट्. फट्. फुस्स्. इंजिन बंद. पडदा काळा.

लढाईचे दिवस, रॉकेल परमिटावर. लडकूशेटचं परमिट संपलं होतं. आपरेटर डबा घेऊन ओळखीच्या दुकानाकडे पळाला. इकडे लोक खवळले. "पुढं काय झालं ते तरी सांग!" म्हणून ओरडू लागले.

लडकूशेट गॅसबत्ती घेऊन पडद्यापुढे आला. "आवो, देवाशपत मला ठावं नाय! या टायमाला मी बाहेर गल्ला बघत असतो."

"पैसं परत दे मग!" म्हणून मागून एक बाक आपटलं गेलं. लडकूशेटचा चेहरा विमलसारखाच झाला.

आणि इंदूबाई उभी राहिली. भोळी बाई, तिचा हेतू चांगलाच होता. "आमच्या वैनीला इचारा! वैनीला समदं ठावं हाय!"

सगळा तंबू वळला. आता दोनच वाटा होत्या. एक, 'मला ठाऊक नाही' असं म्हणायचं. ती वाट द्वारकाबाईंनी कधी पाहिलेली नव्हती. म्हणून त्या दुसऱ्या वाटेने थेट पडद्यापर्यंत गेल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "ऐका. दार उघडलं. आत बाळासाहेब. म्हणाला, 'कोण? विमल?' विमल म्हणाली, 'विमल नव्हे. तिची आई.'"

"आई कुठून आली?" कोणीतरी विचारलं.

"माहेराहून आली. मधे बोलू नकोस. आई घोड्यावरून आली. घोडा पांढरा. भाषण न करता आली! आत शिरली, भिंतीवरची तलवार काढली आणि म्हणाली, 'चूल पेटव.' तो म्हणाला, 'मला येत नाही.' म्हणाली, 'फुंकणी घे.' फुंकता फुंकता धूर डोळ्यांत गेला आणि अधू डोळे स्वच्छ झाले. मग त्याने चहा केला. साखर कमी पडली. विमलने कप उचलला..."

"फेकला!" बायका ओरडल्या.

"फेकला नाही. प्यायली. आणि म्हणाली, 'उद्यापासून साखर मोजून टाकत जा.' आणि सासू चिखलात पडली. तीनदा."

तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. पुरुषसुद्धा हसत होते. कोणी पडद्यापुढे नारळ फोडला. लडकूशेटने हात जोडले, ते द्वारकाबाईंना की नारळाला, कोण जाणे.

इतक्यात फट् फट् फट्. इंजिन सुरू झालं. पडद्यावर खरी विमल आली. दारातून आत गेली, आणि त्या बाळासाहेबाच्या पायांवर कोसळून रडू लागली. "नाथ, माझं चुकलं!"

मग मागून एक रांगडा आवाज आला, "ए, बंद कर ते! खोटं हाय! म्हातारीचं लाव!"

"म्हातारीचं लाव! म्हातारीचं लाव!" सगळा तंबू ओरडू लागला.

"तिची रिळं मी कुठनं आनू?" लडकूशेट रडकुंडीला आला.

द्वारकाबाई पडद्यासमोर उभ्या. आळीसमोर आण मोडलेली, सुनेसमोर चोरी उघडी पडलेली, आणि वरून म्हातारी! मानी बाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. असं कधी झालं नव्हतं.

तेव्हा दोरीपलीकडून, पुरुषांतून, एक माणूस बाकावर चढला. टोपी हातात, आवाज चिरलेला, पण मोठा.

"म्हातारी कोणाला म्हणता रे? नाव आहे तिला! द्वारका! द्वारका म्हणा!"

बाकावर दत्तोपंत होते. बायकोचं नाव त्यांनी लग्नात उखाण्यातसुद्धा पुटपुटूनच घेतलं होतं, आणि आज ते अख्ख्या शिळफाट्याने ऐकलं. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते बाकावर तसेच उभे राहिले, उतरायचं विसरून.

त्या सिनेमाचा शेवट पुढे काय झाला, ते इतरांना विचारा. विमल पायांवरून उठली की नाही, ते द्वारकाबाईंना सांगता येत नाही. पडद्याकडे त्यांची पाठ होती, आणि त्या दोरीपलीकडे बघत होत्या.